घरोघरचं नेट मोजताना: दरी कमी झाली की वाढली, हे कसं ठरवायचं?

मराठवाड्यातल्या एका गावात फॉर्म घेऊन ओट्यावर बसलो होतो. प्रश्न साधा होता: घरात इंटरनेट आहे का? मावशी म्हणाल्या, "न्हाई बाबा, ते शाळेत असतंय." मी 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात आतून रीलचा आवाज आला. विचारलं तर म्हणाल्या, "ते व्हय? ते नेट हाय. ह्यांच्या मोबाइलात. रिचार्ज संपलाय, म्हणून पोरानं शेजारच्याचं हॉटस्पॉट घेतलंय."

आता या घरासमोर काय लिहायचं? आहे, नाही, की कालपर्यंत होतं?

शहर आणि गाव, श्रीमंत आणि गरीब, पुरुष आणि बाई यांच्यातली इंटरनेटची दरी वर्षागणिक कशी बदलते हे मोजायला बसलेल्या नवख्या माणसासाठी हे टिपण आहे. एखादा प्रबंध असेल, बातमी असेल किंवा संस्थेचा अहवाल. एक्सेल आणि शाळेतलं गणित एवढी सामग्री पुरते. मावशींचं घर मात्र शेवटपर्यंत डोळ्यांसमोर ठेवा, कारण बहुतेक चुका त्याच ओट्यावर होतात.

पायरी १: 'घर' कोणतं आणि 'नेट' कोणतं, ते आधी कागदावर लिहा

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: चूल. एका चुलीवरचं एक कुटुंब. ही व्याख्या निरुपद्रवी वाटते, पण तिचा परिणाम मोठा असतो. दहा माणसांच्या एका वाड्यात एक वायफाय असेल तर 'एकापैकी एक' कुटुंबाकडे इंटरनेट, म्हणजे शंभर टक्के. भाऊ वेगळे झाले, तीन चुली झाल्या आणि वायफाय थोरल्याकडे राहिला, की तोच वाडा ३३ टक्क्यांवर येतो. कोणाचंही नेट बंद झालेलं नाही, छेद मात्र तिप्पट झाला. शिवाय पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावच्या कुटुंबात धरत नाहीत, मग त्याचा फोनही धरला जात नाही.

नेटच्या बाबतीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. फोनवरचं नेट चालतं का? घरातल्या एकाच माणसाच्या खिशातला फोन 'घरातलं' नेट ठरतो का? आणि कधीपर्यंतचं: आज, गेल्या ३० दिवसांत, गेल्या तीन महिन्यांत, की आयुष्यात कधीतरी? प्रत्येक सर्वेक्षण यांची उत्तरं आपापल्या पद्धतीनं देतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ गेल्या तीन महिन्यांत नेट वापरलेल्याला वापरकर्ता म्हणतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत गेल्या ३० दिवसांतला वापर विचारला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 'कधी तरी वापरलं आहे का' असं विचारलं. तिघांचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडलेले मी पाहिले आहेत, खाली 'वापरकर्ते' एवढाच मथळा.

पायरी २: आकडे कुठून घ्यायचे

देशपातळीवरच्या कुटुंबांसाठी तीन टप्पे हाताशी ठेवा.

जनगणना २०११. इंटरनेटचा प्रश्न जनगणनेत प्रथमच आला तो इथे. ग्रामीण घरं ०.७ टक्के, शहरी ८.३, एकूण ३.१.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, ७५वी फेरी, जुलै २०१७ ते जून २०१८. विषय शिक्षण, नमुना १,१३,७५७ कुटुंबं. ग्रामीण १४.९, शहरी ४२.०, एकूण २३.८. यातच महाराष्ट्र: ग्रामीण १८.५, शहरी ५२.०.

दूरसंचारावरचं मॉड्युलर सर्वेक्षण, जानेवारी ते मार्च २०२५. नमुना ३४,९५० कुटुंबं. ग्रामीण ८३.३, शहरी ९१.६, एकूण ८६.३.

ट्राय म्हणजे देशाचं दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याचे तिमाही अहवाल हाताळायला सगळ्यात सोपे, म्हणून नवखे आधी तिकडे वळतात. पण ट्राय मोजतं ते ग्राहक-जोडण्या, घरं नव्हेत. एका घरात चार सिम असली तर चार. त्यातून ट्रायचा 'महाराष्ट्र' म्हणजे आपला महाराष्ट्र नव्हे. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो. म्हणजे त्या आकड्याला महाराष्ट्राच्या लोकसंख्येनं भागलं, की वरचा आणि खालचा दोन्ही आकडा वेगवेगळ्या प्रदेशांचा होतो. ब्रॉडबँडची किमान वेगाची अटही जानेवारी २०२३मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर गेली, हेही लक्षात असू द्या.

पायरी ३: दोन ठिपके रेषेनं जोडण्याआधी थांबा

हे मी स्वतः चुकून शिकलो. २०११चे ०.७ आणि २०१७-१८चे १४.९ घेतले, सुरेख चढती रेषा काढली आणि वर मथळा दिला: 'ग्रामीण भागात इंटरनेट २१ पट'. भागाकार बरोबर होता, तुलना चूक होती. २०११च्या जनगणनेत इंटरनेट हा स्वतंत्र प्रश्न नव्हताच. संगणक किंवा लॅपटॉप आहे का, आणि असल्यास इंटरनेटसह की इंटरनेटशिवाय, असा तो होता. फोनवर नेट असलेलं घर तिथे 'नाही'त जमा झालं. ७५व्या फेरीत फोनवरचं नेटही धरलं आहे. त्या २१ पटीत खरी वाढ किती आणि व्याख्या रुंदावल्याची वाढ किती, हे त्या दोन आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तक्त्यात २०११ ठेवा, पण रेषा तुटक काढा आणि खाली कारण लिहा. (२०११नंतरच्या जनगणनेसाठी जानेवारी २०२०मध्ये अधिसूचित झालेल्या प्रश्नांत इंटरनेट, संगणक आणि फोन हे तीन वेगळे प्रश्न होते. तेव्हा २०११शी थेट तुलना तिथेही जमणार नाही.)

व्याख्या सारखी असली तरी काळ सारखा असेलच असं नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी '२०१९-२१' म्हणून ओळखली जाते, पण महाराष्ट्रातलं काम २०१९च्या उत्तरार्धातच संपलं. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश ही राज्यं दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१मध्ये झाली. मध्ये टाळेबंदी आली आणि शाळा फोनवर भरू लागल्या. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची त्या फेरीतली तुलना म्हणजे एकाचा टाळेबंदीआधीचा फोटो आणि दुसऱ्याचा पुष्कळसा नंतरचा.

आणि विचारलं कसं? 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरं २०१८मध्ये ३६.५ टक्के होती, २०२१मध्ये ६७.६. उडी खरीच मोठी आहे. पण २०१८मध्ये माणसं दारात गेली होती, तर २०२० आणि २०२१मध्ये सर्वेक्षण फोनवरून झालं. फोन मोजायचे आणि तेही फोन करून! ज्याच्याकडे फोनच नाही तो या प्रश्नाला उत्तर देणार कुठून? २०२२मध्ये पुन्हा घरोघर जाऊन ७४.८ आले, म्हणून दिशेबद्दल शंका उरत नाही. घरोघरचे दोन ठिपके, २०१८ आणि २०२२, तेवढे ठळक काढा आणि मधले फिकट.

हंगामाचंही पाहा. जानेवारी ते मार्च हा ऊसतोडीचा काळ. बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं तेव्हा कुलूपबंद असतात आणि माणसं कारखान्याच्या फडावर. जिल्हा पातळीवर उतरणार असाल तर बंद घरांचं काय केलं, हे सर्वेक्षणाच्या पद्धतीच्या टिपणात आधी शोधा.

पायरी ४: एकच दरी चार पट्ट्यांनी मोजा

या टिपणातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. २०१७-१८ आणि २०२५ घ्या. दोन्हींत फोनवरचं नेट धरलं आहे.

पहिली पट्टी, वजाबाकी. ४२.० वजा १४.९ म्हणजे २७.१ टक्केबिंदू. ९१.६ वजा ८३.३ म्हणजे ८.३ टक्केबिंदू. (२०११ची शहरी टक्केवारीही ८.३ होती. निव्वळ योगायोग, तक्ता भरताना गोंधळू नका.) दरी मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरली. आणि 'टक्के' नव्हे, 'टक्केबिंदू' लिहा, कारण ही दोन टक्केवारींची वजाबाकी आहे.

दुसरी पट्टी, असणाऱ्यांचा भागाकार. ४२.० भागिले १४.९ म्हणजे २.८. ९१.६ भागिले ८३.३ म्हणजे १.१. शहर गावाच्या पावणेतीन पट पुढे होतं, आता गाव जवळजवळ बरोबरीला आलं. अभिनंदनाचं पत्रक काढायला ही पट्टी फार आवडते.

तिसरी पट्टी, नसणाऱ्यांचा भागाकार. २०१७-१८मध्ये नेट नसलेली घरं गावात ८५.१ टक्के, शहरात ५८.०. भागाकार १.५. २०२५मध्ये गावात १६.७, शहरात ८.४. भागाकार २.० ला टेकला. म्हणजे नेटविना राहण्याची शक्यता ग्रामीण घराला पूर्वी शहरी घराच्या दीडपट होती, आता दुप्पट आहे. दरी वाढली!

आकडे तेच, मग खरं काय? दोन्ही. वजाबाकीची पट्टी अशी आहे की कोणतीही नवी वस्तू घरोघर पसरताना दरी आधी फुगते आणि मग आपोआप आकसते. सुरुवातीला कोणाकडेच नसतं, दरी शून्याजवळ. पुढचे पळतात, दरी रुंदावते. पुढचे छताला टेकतात, मागचे चालतच राहतात, दरी मिटत जाते. व्याख्येचा फरक क्षणभर बाजूला ठेवला तर २०११मध्ये वजाबाकी ७.६ होती, मग २७.१, मग ८.३. म्हणून काय २०११मध्ये आपण आजच्यापेक्षा समान होतो? तेव्हा गावातल्या हजार घरांत सात घरी नेट होतं. रेडिओ, टीव्ही, गॅस यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकानं असंच घडलं. तेव्हा नुसती वजाबाकी कमी झाली म्हणून एखाद्या योजनेच्या गळ्यात हार घालू नका. आणि असणाऱ्यांचा भागाकार दोन्ही गट छताजवळ गेले की १ या आकड्याकडे सरकणारच.

चौथी पट्टी थोडी किचकट आहे, पण शिकून घ्या. प्रत्येक गटात 'असणारे भागिले नसणारे' काढा आणि मग त्या दोन आकड्यांचा भागाकार. २०१७-१८: शहरात ४२.० भागिले ५८.० म्हणजे ०.७२, गावात १४.९ भागिले ८५.१ म्हणजे ०.१८. दशांश न कापता भागाकार केला तर ४.१. २०२५: शहरात १०.९, गावात ५.०, भागाकार २.२. या पट्टीचा गुण असा की असणारे आणि नसणारे उलटे केले तरी निष्कर्ष उलटत नाही. ती सांगते, दरी खरोखर कमी झाली, साधारण निम्मी, पण पहिल्या पट्टीइतकी नाही. मला एकच पट्टी निवडायला सांगितली तर मी हीच घेईन. वाचकासाठी मात्र पहिली आणि तिसरी एकत्र छापा. एकीत किती घरं जवळ आली ते दिसतं, दुसरीत मागे कोण राहिलं ते.

पायरी ५: दरी वर्षांत सांगा

'८.३ टक्केबिंदू' ऐकून ग्रामसभेत कोणी मान वर करणार नाही. 'आपण शहराच्या दोन वर्षं मागे आहोत' म्हटलं की करतील.

२०१७-१८ची फेरी डिसेंबर २०१७च्या अखेरीभोवतीची धरा, दुसरी फेब्रुवारी २०२५ची. मध्ये सुमारे ७.१ वर्षं. गावाची वाढ ६८.४ टक्केबिंदू, म्हणजे वर्षाला ९.६. शहराच्या तेव्हाच्या ४२.० वर पोचायला गावाला २७.१ चढायचे होते: २.८ वर्षं. आता २०२५वरून मागे वळून पाहा. शहर वर्षाला ७.० नं चढलं, म्हणजे आजच्या गावाइतकं ते १.२ वर्षांपूर्वी होतं. मागासलेपण पावणेतीन वर्षांवरून सव्वा वर्षावर आलं.

इथे एक फसगत आहे. वाढ सरळ रेषेत झाली असं आपण धरलं, आणि छताजवळ ती तशी होत नाही. शेवटची दहा घरं मधल्या दहा घरांपेक्षा फार चिवट असतात. म्हणून हेच गणित चौथ्या पट्टीवर करा. एक्सेलमध्ये 'असणारे भागिले नसणारे' याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि त्याची वर्षाकाठी वाढ सारखी धरा. उत्तर येतं: तेव्हा ३.० वर्षं मागे, आता २.० वर्षं मागे. हाताशी फक्त दोनच ठिपके असल्यामुळे हा अंदाजच आहे, तसं लिहा. पण सव्वा आणि दोन यांतला फरक लहान नाही. कोणत्या पद्धतीनं काढलं ते सांगितल्याशिवाय वर्षांचा आकडा छापू नका.

पायरी ६: वजन द्या, चूक सांगा

सर्वेक्षणातलं प्रत्येक घर सारख्याच घरांचं प्रतिनिधित्व करत नाही. २०२५च्या नमुन्यात १९,०७१ ग्रामीण आणि १५,८७९ शहरी घरं होती, म्हणजे शहराचा वाटा ४५ टक्के. देशात तो त्याहून बराच कमी आहे. वजन न देता नमुन्यातलं हेच प्रमाण धरून साधी सरासरी काढली तर ८७.१ येते, प्रसिद्ध आकडा ८६.३ आहे. मायक्रोडेटा डॉट गव्ह डॉट इन वरून कच्ची माहिती उतरवली तर फाइलमध्ये गुणकाचा (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीनं आहे, त्या आकड्याचा) रकाना असतो, तो वापरा. तुमची पहिली परीक्षा हीच: प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय आकडा तुमच्या संगणकावर तंतोतंत निघतो का? निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

चुकीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते: ८५ टक्क्यांच्या आसपास ५०० घरांचा नमुना असेल तर अधिक-उणे ३ टक्केबिंदू. पण नमुन्यातली घरं एकाच गावातली, एकाच आळीतली असतात. टॉवर असला तर सगळ्यांना, नसला तर कोणालाच नाही. म्हणून खरी मर्यादा चारच्या पुढे धरा, आणि दोन वर्षांच्या अशा दोन आकड्यांतल्या फरकाला सहाच्या आसपास. राज्यातल्या एका गटाची दरी 'दोन बिंदूंनी घटली' ही बातमी नव्हे.

पायरी ७: घराच्या आत डोकवा

'ह्यांच्या मोबाइलात' हे मावशींचं वाक्य कुटुंबाच्या आकड्यात दिसत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी. महाराष्ट्रात स्त्रिया ३८.० आणि पुरुष ६१.५. गोव्यात ७३.७ आणि ८२.९. नवरा-बायको एकाच चुलीवर जेवतात, म्हणजे कुटुंब हे एकक घेतलं की ही दरी शून्य होते. चौथ्या फेरीत हा प्रश्न नव्हता, म्हणून काळाची तुलना तिथून मागे जात नाही. चौथी पट्टी इथेही लावून पाहा: महाराष्ट्राला २.६, गोव्याला १.७.

मुलांचंही तेच. 'असर' २०२१मध्ये स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. फोन सकाळी बाबांबरोबर कामावर जातो.

तुमच्याच गावात मोजायचं असेल तर

दोनशे घरं पुरतात, पण पुढच्या वर्षी त्याच घरांत परत जा. नवी दोनशे घरं निवडलीत तर बदल घरांचा की निवडीचा, हे कळणार नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीतून ठराविक अंतरानं घरं उचला. वस्ती, तांडा, वाडी सुटत नाही ना ते बघा, कारण यादीत नसलेली घरंच बहुधा नेटविना असतात. बंद घर असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. तरीही बंद असेल तर 'बंद' म्हणून नोंदवा, शेजारचं घर त्याच्या जागी घेऊ नका. आठ-दहा वर्षं हे केल्यावर माझी खात्री झाली आहे की सोयीचं घर घेणं हीच सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

'इंटरनेट आहे का' असं विचारू नका. विचारा: या घरात व्हॉट्सअ‍ॅप किंवा यूट्यूब कोणाच्या फोनवर चालतं? तो फोन आत्ता कुठे आहे? शेवटचा रिचार्ज कधी मारला, किती दिवसांचा? गेल्या महिन्यात किती दिवस नेट नव्हतं? तुम्ही स्वतः कधी वापरलं? हा शेवटचा प्रश्न घरातल्या बाईला एकटीलाच विचारायचा. नवरा शेजारी बसला की उत्तर तोच देतो.

मावशींच्या घरासमोर मी शेवटी चार रकाने भरले. स्मार्टफोन: एक, पुरुषाचा. डेटा: चालू नाही, चार दिवसांपासून. शेजाऱ्याचं हॉटस्पॉट: हो. उत्तर देणारी स्वतः वापरते का: नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा पहिले तीन रकाने बदलले होते.